डोंगर दिसतो म्हणून घरपट्टी वाढते का? न्यू हॅम्पशायरमधील ‘व्ह्यू टॅक्स’विषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात नॅशुआ येथे नोकरी करता आणि 2021 साली ग्राफ्टन काउंटीतील एका लहान डोंगरी गावात 14 एकर जागेसह घर घेतले. मागच्या पुनर्मूल्यांकनात गावाने त्या घराची किंमत 7 लाख 10 हजार डॉलर ठरवली. नोंदपत्रक मागवून पाहिल्यावर जमिनीच्या रकान्यात ‘व्ह्यू’ या नावाखाली 1 लाख 20 हजार डॉलर वेगळे लावलेले दिसले. घराच्या गच्चीवरून माउंट मूसिलॉके दिसतो, हे त्याचे कारण. डोंगर तुमच्या मालकीचा नसताना त्याच्या दर्शनावर कर घेणे कायदेशीर आहे का, ती ओळ काढून टाकता येईल का, आणि पुढची झाडे वाढू दिली तर कर कमी होईल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी प्रथम या राज्यातील गावांसाठी करआकारणीचे काम केले आणि नंतर स्वतंत्र मूल्यनिर्धारक म्हणून करदात्यांच्या बाजूने अहवाल लिहू लागलो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला परिचित आहेत. ज्या प्रश्नाने तुम्ही अस्वस्थ झाला आहात तो समजण्यासारखा आहे, पण तो तुमचा खरा प्रश्न नाही. दृश्यावर कर असावा की नसावा, हा वाद तुम्ही गावाशी घालू लागलात तर जवळजवळ निश्चितपणे हराल. तुमच्या संपूर्ण मालमत्तेची ठरवलेली किंमत गावातील इतर मालमत्तांच्या प्रमाणात जास्त आहे का, हा प्रश्न विचारलात आणि पुरावा खरोखरच तुमच्या बाजूचा असला, तर मात्र पैसे परत मिळू शकतात.

पहिली गोष्ट अशी की न्यू हॅम्पशायरच्या कायद्यात ‘व्ह्यू टॅक्स’ नावाचा कोणताही कर नाही. कायदा एवढेच सांगतो की काही अपवाद सोडता प्रत्येक करपात्र मालमत्तेची आकारणी तिच्या बाजारभावाने व्हावी. बाजारभाव म्हणजे जाणकार आणि कोणत्याही दबावाखाली नसलेला ग्राहक तशाच विक्रेत्याला जी रक्कम देईल ती. तुम्ही स्वतः ते घर पाहायला गेलात तेव्हा गच्चीवर किती वेळ उभे राहिलात, हे आठवून पाहा. त्याच गावात, तेवढ्याच जागेवर, तेवढ्याच चौरस फुटांचे, पण चारी बाजूंनी झाडांनी वेढलेले घर तुम्ही त्याच किमतीला घेतले असते का? घेतले नसते, तर तो फरक बाजाराने तुमच्याकडून आधीच वसूल केला आहे आणि असेसरने, म्हणजे गावासाठी करआकारणी करणाऱ्याने, तो फक्त कागदावर उतरवला आहे. डोंगर कोणाच्या मालकीचा आहे, याचा इथे संबंध येत नाही. चांगल्या शाळेजवळचे घर महाग असते म्हणून ती शाळा घरमालकाच्या मालकीची ठरत नाही. जागेचे स्थान जसे किमतीत उतरते, तसेच जागेवरून काय दिसते तेही उतरते.

मग हा वाद याच राज्यात एवढा का पेटला? त्याची दोन कारणे मला दिसतात. एक म्हणजे इथे सर्वसाधारण विक्रीकर नाही आणि पगारावर राज्याचा आयकरही नाही. व्याज आणि लाभांशावर जो कर होता तोदेखील 1 जानेवारी 2025 पासून संपला. साहजिकच शाळा, रस्ते, बर्फ काढणे आणि अग्निशमन यांचा फार मोठा भार मालमत्ता करावर पडतो आणि आकारणीतील प्रत्येक हजार डॉलर लोकांना जाणवतो. दुसरे म्हणजे नोंदपत्रकावरील ती वेगळी ओळ. पूर्वी दृश्याची किंमत जमिनीच्या दरातच मिसळलेली असे आणि कोणाला ती दिसत नसे. संगणकीय मूल्यांकन पद्धतीत अनेक गावांनी ती वेगळी दाखवायला सुरुवात केली आणि 2005 च्या सुमारास ऑर्फर्डसारख्या कनेक्टिकट नदीकाठच्या गावांत ‘व्ह्यू टॅक्स’ हा शब्द संतापाने लोकांच्या तोंडी आला. मला स्वतःला ती ओळ वेगळी दाखवणे हेच प्रामाणिकपणाचे वाटते, कारण जी रक्कम दिसते ती तपासता येते.

याउलट स्थिती कशी असते हे तुमच्या परिचयाच्या मुंबईत पाहता येईल. तिथे 2010 पासून भांडवली मूल्यावर आधारित मालमत्ता कर आहे. रेडी रेकनरमधील त्या विभागाचा दर, क्षेत्रफळ, वापराचा प्रकार, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय आणि मजला यांचा गुणाकार करून मूल्य काढले जाते. त्या सूत्रात खिडकीची दिशा नाही. एकाच मजल्यावरील, सारख्याच क्षेत्रफळाच्या दोन सदनिकांपैकी एकीतून समुद्र दिसत असेल आणि दुसरीतून मागचे आवार, तर विक्रीच्या किमतीत मोठा फरक असूनही कर सारखाच येतो. समुद्राची किंमत तिथे विभागाच्या दरातून आणि मजल्याच्या गुणकातून ढोबळपणे वसूल होते, आणि आवाराकडे तोंड असलेला मालकही तिचा वाटा भरतो. सूत्र सोपे असते तेव्हा वाद कमी होतात, पण प्रत्येक मालमत्तेचे वेगळेपण त्यात हरवते. न्यू हॅम्पशायरने वेगळेपण मोजायचे ठरवले आणि त्यासोबत मोजणाऱ्याच्या नजरेतील चुकाही स्वीकारल्या. तुमच्या उपयोगाचा भाग म्हणजे या चुका.

दृश्याची रक्कम काढण्याची योग्य रीत अशी असते. असेसर गावातील आणि शेजारच्या गावांतील अलीकडच्या विक्रींमधून जोड्या शोधतो. समजा, दोन एकरांचे दोन मोकळे भूखंड एकाच रस्त्यावर विकले गेले, दृश्य असलेला 1 लाख 80 हजाराला आणि दृश्य नसलेला 1 लाख 10 हजाराला. उतार, रस्त्याची लांबी, ओलसर जमीन यांचे फरक वजा केल्यावर जो फरक उरतो, तो बाजाराने दृश्याला दिलेला भाव मानता येतो. अशा पुरेशा जोड्यांवरून एक कोष्टक बनते. दृश्य कशाचे आहे, म्हणजे डोंगरांचे, सरोवराचे की केवळ टेकड्यांचे. ते किती रुंद आहे, म्हणजे झाडांमधून दिसणारा बोगद्यासारखा पट्टा की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघडे क्षितिज. डोंगराचा फक्त माथा दिसतो की पायथ्यापर्यंतचा संपूर्ण उतार. आणि तो जवळ आहे की दूर, अशा निकषांवर प्रत्येक घराची प्रतवारी होते आणि त्या प्रतवारीनुसार रक्कम लागते.

कागदावर हे निर्दोष दिसते. प्रत्यक्षात लहान गावात वर्षभरात खऱ्या अर्थाने खुल्या बाजारातील विक्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होतात आणि त्यांपैकी दृश्य असलेल्या त्याहून कमी. म्हणून कोष्टकाचा पाया कधीकधी फार अरुंद असतो. पुनर्मूल्यांकनाची पुस्तिका गावाच्या कार्यालयात पाहायला मिळते. त्यात कोणत्या विक्रींवरून दृश्याचा भाव काढला आहे ते वाचा. तुमच्या दृश्याचा दर्जा आणि त्या विकल्या गेलेल्या घरांच्या दृश्याचा दर्जा खरोखर सारखा आहे का, हे तिथे जाऊन रस्त्यावरून का होईना स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. एवढे काम फार थोडे करदाते करतात.

प्रतवारीतील चुकांपैकी ऋतूची चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. या राज्यात आकारणी 1 एप्रिलच्या स्थितीनुसार होते. त्या तारखेला मेपल, बर्च आणि ओक बहुतेक निष्पर्ण असतात, त्यामुळे जो माणूस मार्च किंवा एप्रिलमध्ये तुमच्या गच्चीवर उभा राहिला त्याला रुंद क्षितिज दिसले असेल, आणि तेच क्षितिज जून ते ऑक्टोबर एका फटीएवढे उरत असेल. ग्राहक बहुतेक उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत घरे पाहतात, म्हणून केवळ हिवाळ्यात मिळणाऱ्या दृश्याला बाजार पूर्ण भाव देत नाही. मात्र ती झाडे तुमच्याच जागेत असतील आणि दोन दिवसांच्या तोडीने दृश्य उघडणार असेल, तर जाणकार ग्राहक त्या शक्यतेलाही काही किंमत देतो. ती झाडे शेजाऱ्याच्या जागेत असतील तर गोष्ट निराळी होते, कारण खास करार करून हक्क घेतलेला नसेल तर दृश्यावर तुमचा कोणताही कायदेशीर हक्क नाही. अशा परावलंबी दृश्याला सुरक्षित दृश्याइतका भाव लावला असेल तर तो मुद्दा लेखी मांडण्यासारखा आहे.

दुसरी चूक दुहेरी मोजणीची. काही गावांत डोंगराच्या कडेवरील संपूर्ण रस्त्याला वरचा परिसर-गुणक, म्हणजे परिसरानुसार जमिनीची किंमत कमी-जास्त करणारा आकडा, दिलेला असतो आणि तो गुणक वाढण्याचे कारणच मुळी तेथील दृश्य असते. त्यावर पुन्हा दृश्याची वेगळी ओळ आली तर एकाच गोष्टीची किंमत दोनदा धरली जाते. तुमच्या नोंदपत्रकावर परिसराचा सांकेतिक क्रमांक असेल. तो खालच्या दरीतील घरांच्या तुलनेत वरचा आहे का आणि का आहे, हे असेसरला विचारा.

तिसऱ्या चुकीकडे मालक आणि असेसर दोघांचेही दुर्लक्ष होते आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. दृश्य उंचीवरून मिळते आणि उंचीची किंमत मोजावी लागते. लांब आणि चढाचा खासगी रस्ता, हिवाळ्यात प्रत्येक वादळानंतर बर्फ काढणाऱ्याचे पैसे, कातळामुळे खोल खणावी लागलेली विहीर, माती कमी म्हणून भर घालून उभारलेली सांडपाण्याची व्यवस्था, वाऱ्यामुळे वाढणारा इंधनखर्च, आणि बर्फाच्या दिवशी अग्निशमन गाडी वर पोहोचेल का ही काळजी. दृश्याच्या घरासाठी ग्राहक जास्त पैसे देतो आणि या गोष्टींसाठी त्यांतले काही परत कापतो. नोंदपत्रकात मात्र दृश्याची अधिक रक्कम ठळकपणे येते आणि उतार, रस्ता किंवा चढणीबद्दलची वजावट बऱ्याचदा शून्यच राहते. तुमच्या पत्रकावर जमिनीच्या स्थितीचा गुणक 100 असेल, म्हणजे काहीच वजावट धरलेली नसेल, आणि तुमचा रस्ता खरोखर चढाचा असेल, तर ती त्रुटी दाखवून देणे ‘डोंगर माझा नाही’ या युक्तिवादापेक्षा कितीतरी पटींनी परिणामकारक ठरते.

एवढे सांगूनही, केवळ एका ओळीवर लढू नका, असे मी आग्रहाने सांगतो. करदात्यांच्या बाजूने काम सुरू केले तेव्हा माझ्या पहिल्या काही प्रकरणांपैकी एका प्रकरणात मी हीच चूक केली होती. दृश्याची रक्कम 40 हजार डॉलरने जास्त आहे, हे मी छायाचित्रे आणि विक्रींच्या आधाराने नीट दाखवले. समोरच्या बाजूने शांतपणे दाखवून दिले की त्याच पत्रकावर नव्याने बांधलेल्या घराचा दर्जा एक पायरी कमी धरला आहे आणि त्यामुळे एकूण किंमत बाजारभावाच्या खालीच आहे. माझ्या अशिलाला काहीही मिळाले नाही, आणि ते योग्यच होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 च्या सुनापी गावाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की करदात्याच्या संपूर्ण मालमत्तेचा एकत्रित विचार झाला पाहिजे. जमीन, घर आणि दृश्य मिळून आकडा योग्य असेल तर आतील एखादी ओळ चुकली म्हणून सवलत मिळत नाही. मागच्या वर्षीपेक्षा आकारणी किती टक्क्यांनी वाढली, हाही पुरावा मानला जात नाही. कदाचित मागची आकारणीच कमी असेल.

पुनर्मूल्यांकनात किंमत वाढली म्हणजे कर त्याच पटीत वाढतो, असेही नाही. गावाला वर्षाला 40 लाख डॉलर हवे असतील आणि गावातील सर्व मालमत्तांची एकूण किंमत 20 कोटी असेल तर दर हजारी 20 डॉलर येतो. सर्वांच्याच किमती दुप्पट झाल्या तर तोच दर 10 वर येतो आणि कोणाचाही कर बदलत नाही. ज्याची किंमत सरासरीपेक्षा जास्त वाढली त्याचा वाटा वाढतो, ज्याची कमी वाढली त्याचा घटतो. डोंगरावरील घरांना हा फटका बसण्याचे कारण हेच, कारण बाहेरगावचे ग्राहक अशा घरांसाठी चढे भाव देतात.

म्हणून हिशेब प्रमाणाचा करावा लागतो. राज्याचा महसूल विभाग दरवर्षी प्रत्येक गावासाठी आकारणी आणि बाजारभाव यांचे गुणोत्तर जाहीर करतो. उदाहरणादाखल तुमच्या गावाचे गुणोत्तर 96 टक्के धरू. तर 7 लाख 10 हजारांची आकारणी याचा अर्थ गाव तुमच्या घराचा बाजारभाव सुमारे 7 लाख 40 हजार मानते. आता 1 एप्रिलच्या आसपास विकल्या गेलेल्या तुलनीय घरांवरून तुमच्या घराचा खरा बाजारभाव 6 लाख 75 हजार निघत असेल, तर प्रमाणशीर आकारणी 6 लाख 48 हजार व्हायला हवी. फरक 62 हजारांचा. दर हजारी 17 डॉलर असेल तर वर्षाला 1,054 डॉलर. पण तोच बाजारभाव 7 लाख 50 हजार निघाला, तर दृश्याची ओळ कितीही खटकली तरी तुमची तक्रार टिकणार नाही, आणि तसे असल्यास अर्ज न करण्याचाच सल्ला मी देईन. हे तुमचे घर पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही. तुम्ही 2021 मध्ये दिलेली किंमतही फार उपयोगाची नाही, कारण त्यानंतर बाजार बराच वर गेला आहे.

हिशेब तुमच्या बाजूचा निघाला तर अंतिम बिलानंतर येणाऱ्या 1 मार्चपर्यंत गावाकडे सवलतीचा लेखी अर्ज, म्हणजे अबेटमेंटचा अर्ज, पोहोचला पाहिजे. तारीख चुकली तर तक्रारीत कितीही तथ्य असले तरी त्या वर्षाचा दरवाजा बंद होतो. गावाने 1 जुलैपर्यंत निर्णय द्यायचा असतो. उत्तर आले नाही तर अर्ज नाकारला असे समजले जाते. त्यानंतर 1 सप्टेंबरपर्यंत राज्याच्या कर व भूमी अपील मंडळाकडे किंवा सुपीरियर कोर्टात जाता येते, पण दोन्हींकडे नाही. वकिलाशिवाय मंडळापुढे उभे राहणारे अनेक करदाते मी पाहिले आहेत आणि ज्यांनी तीन-चार चांगल्या तुलनीय विक्री नीट मांडल्या त्यांचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकले गेले. या काळात कर भरणे थांबवू नका. सवलत मिळाल्यास जास्तीची रक्कम व्याजासह परत येते. आणि अर्जापूर्वी एकदा असेसरला घरी बोलवा. जुलैमध्ये, पाने असताना बोलवा.

तुमच्या प्रश्नात एक नैतिक तक्रारही आहे आणि ती मी टाळू इच्छित नाही. तुमच्यासारख्या ग्राहकाने दृश्याचे पैसे जाणून मोजले आहेत, त्यामुळे तुमच्या बाबतीत मला फारसा अन्याय दिसत नाही. मला खरी चिंता वाटते ती त्या डोंगरउतारावर तीन पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांची. ज्यांच्या आजोबांनी गुरांसाठी माळ मोकळा केला, ज्यांना तो डोंगर विकायचा नाही आणि ज्यांचे उत्पन्न दृश्याबरोबर वाढलेले नाही, त्यांना बाहेरच्या ग्राहकांनी ठरवलेल्या भावाने कर भरावा लागतो. याचे उत्तर दृश्याची किंमत शून्य धरणे हे आहे, असे मला वाटत नाही, कारण मग दरीतील साध्या घरांनी डोंगरावरील बंगल्यांचा वाटा उचलावा लागेल. 65 वर्षांवरील मर्यादित उत्पन्नाच्या मालकांसाठी असलेली सूट गावसभेत वाढवून घेणे हा सरळ मार्ग आहे, आणि मतदानाचा अधिकार असलेल्या प्रत्येक रहिवाशाने त्यासाठी मार्चमधील गावसभेत हात वर करावा.

आता झाडांविषयी. झाडे वाढून दृश्य खरोखर झाकले गेले तर ती नोंद बदलून मागता येते. पण तुमच्याच जागेतील झाडे असतील तर शक्यतेची किंमत शिल्लक राहते, आणि वरच्या उदाहरणातील दराने वर्षाला फार तर दोनेक हजार डॉलर वाचवण्यासाठी घराच्या विक्रीमूल्यातील लाखभर डॉलर झाकून ठेवणे हा हिशेब मला पटत नाही. त्याऐवजी तुमच्याकडील 14 एकरांकडे पाहा. घराभोवतीचे दोन एकर सोडले तर 12 उरतात, आणि ‘करंट यूज’ योजनेसाठी जंगल किंवा शेतजमीन साधारणपणे किमान 10 एकर लागते. त्या योजनेत जमिनीची आकारणी बाजारभावाऐवजी तिच्या सध्याच्या वापराच्या किमतीवर होते, आणि ती किंमत बाजारभावाच्या तुलनेत फार कमी असते. अर्ज 15 एप्रिलपर्यंत करावा लागतो. दृश्याची रक्कम घराच्या जागेला जोडलेली असल्यामुळे ती यातून कमी होणार नाही, आणि पुढे कधी ती जमीन बांधकामासाठी काढली तर काढलेल्या भागाच्या पूर्ण बाजारमूल्याच्या 10 टक्के वापरबदल कर द्यावा लागेल. आधीच्या मालकाने ती जमीन या योजनेत घातलेली असण्याचीही शक्यता आहे. तुमच्या नोंदपत्रकावर जमिनीच्या ओळींपुढे तसा संकेत आहे का, ते आधी पाहून मला कळवा.